घोसाळ्याची जाळी

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ ऑगस्ट १९९६

ती. सौ. दानेश्वरी आक्कांना पवित्राचा वाकून नमस्कार.

तार बघून तुमचा जीव उडाला असेल, म्हणून आधी चांगलं तेच सांगते. अव्वांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्या आल्या त्या पहिलं वाक्य बोलल्या ते डॉक्टरांशी. "पावणं, चपला भाईर काढून या की." डॉक्टर हसले आणि खरंच दाराबाहेर जाऊन अनवाणी परत आले. तुमची आई शहात्तराव्या वर्षी, मांडीत लोखंडी सळी घालून झोपली असली तरी आहे तशीच आहे.

पडल्या कशा ते तुम्ही विचारालच. न्हाणी घासताना पडल्या. मी सकाळीच घासलेली न्हाणी त्यांना पसंत पडली नव्हती. लग्नाला वीस वर्षं झाली माझ्या, अजून एकदाही पसंत पडलेली नाही. मी कट्ट्यावर गहू निवडत होते, धप्पकन आवाज आला. जाऊन बघते तर अव्वा आडव्या आणि हातात नारळाची शेंडी तशीच घट्ट धरलेली.

इथे बायकांच्या वॉर्डात आठ खाटा आहेत, आपली खिडकीजवळची. वरच्या मजल्यावर कसला तरी क्लास चालतो, दिवसभर खाली पोरांच्या सायकली आपटत असतात. तुमचे भाऊ दुकान सांभाळून एक दिवसाआड कुरुंदवाडहून एस.टी.ने डबा घेऊन येतात. मी इथेच स्टुलावर आहे.

एक गोष्ट मात्र फक्त तुम्हाला सांगते, ह्यांनाही सांगितलेली नाही. परवा लघवीची नळी काढली. तेव्हापासून अव्वांना कळायच्या आत अंथरूण ओलं होतं. काल तर औषधांनी पोट बिघडलं आणि तेही आवरलं नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी मुठीत धरून पडून राहिल्या. मला फार वाईट वाटलं, आक्का. काय करू ते लिहा.

लेकीला, तेजस्वीला जपा. बाळंतपण सुखरूप होऊ दे.

तुमची
पवित्रा

भिलाई
२२ ऑगस्ट १९९६

चि. सौ. पवित्रा, आशीर्वाद.

पत्र मिळालं. काय करू म्हणून विचारतेस? स्वच्छ करायचं, दुसरं काय! त्यात लाजायचं काय आहे? तिनं आपल्या सगळ्यांचं काढलंय.

आमच्या घरात अंघोळ कशी व्हायची ते तुला ठाऊक नाही. परड्यातल्या कुंपणावर अव्वा घोसाळी लावायची आणि निम्मी वेलावरच वाळवायची. त्याची जाळी करून रविवारी आम्हा दोघा भावंडांना न्हाणीत बसवून अशी घासायची की सोमेश गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा बोंबलायचा. अंग लालबुंद झालं की म्हणायची, आता माणसासारखी दिसायला लागली. आजतागायत मला त्याशिवाय अंघोळ केल्यासारखं वाटत नाही. इथे भिलाईतसुद्धा मी मागच्या दारी घोसाळी लावली आहेत.

तेव्हा नीट ऐक. दर वेळी झालं की नुसतं फडक्यानं पुसून सोडायचं नाही. कढत पाणी, त्यात जंतुनाशकाचं टोपण, लाल साबण, आणि घासून काढायचं. सोमेशला सांगून घरची जाळी मागवून घे. वर पावडर भरपूर टाक. गादीवर खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद अंथर म्हणजे गादीला वास धरणार नाही. राजारामपुरीत आपले निम्मे पावणे राहतात, रोज कुणी ना कुणी बघायला येणार. मल्लव्वाच्या खाटेजवळ वास येतो असं एकाच्या तोंडून निघालं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. हे तुझ्यावर सोपवते.

तेजस्वीला नववा लागलाय आणि तिची तब्येत नाजूक आहे. घर सोडून मला पाऊल टाकता येत नाही. जीव तिकडे आहे एवढंच समज.

दानेश्वरी

राजारामपुरी
३१ ऑगस्ट १९९६

ती. सौ. आक्कांना नमस्कार.

तुम्ही लिहिलं तसं सगळं सुरू केलं. ह्यांनी घरून जाळी आणून दिली. "हॉस्पिटलात कशाला हवी?" म्हणून विचारलं, मी म्हटलं पाय घासायला.

जाळी बघून अव्वांचा चेहरा किती उजळला म्हणून सांगू! दिवसातून सहा वेळा, कधी आठ वेळा होतं. दर वेळी मी आणि इथल्या विठाबाई आया मिळून त्यांना कुशीवर करतो, पडदा लावतो आणि घासून काढतो. अव्वाच सांगतात, "घास की गं. हातात जोर न्हाय व्हय तुझ्या? आजून घास." सकाळ-संध्याकाळच्या लिंगपूजेआधी तर दोनदा करायला लावतात. मी एकदा म्हटलं, आत्ताच तर केलंय, झालं की स्वच्छ. तर म्हणाल्या, "अंगावर लिंग हाय माझ्या. घाणीत कसं ठिवू त्येला?" मग तळहातावर लिंग घेऊन विभूती लावतात, बघत बसतात, आणि त्यानंतरच चहाचा घोट घेतात. पाणी मात्र फार कमी पितात. जास्त प्यायलं की जास्त होईल म्हणतात.

वास अजिबात नाही. बाळाप्पामामा आले होते, ते म्हणाले मल्लव्वाची खाट देवघरासारखी ठेवलीस. ऐकून अव्वा लहान पोरीसारख्या हसल्या.

मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि मागे थोडं लाल झालंय. आगआग होते म्हणतात. औषधांची उष्णता असेल. काळजी करू नका.

पवित्रा

भिलाई
८ सप्टेंबर १९९६

चि. पवित्रास,

काळजी करू नका असं लिहिलं की माणूस काळजी करत नाही असं तुला वाटतं काय? परवा बाळाप्पामामांचा शेजारी फोन आला. ते दुसऱ्यांदा गेले तेव्हा अव्वा कण्हत होती, चादर ओली होती आणि तू खाटेजवळ नव्हतीस. खाली रस्त्यावर उभी होतीस म्हणे.

मला साधा हिशेब कळतो. अंग लाल कशानं होतं? ओल्यात पडून राहिलं की होतं. स्वच्छ ठेवलं असतं तर झालंच नसतं. सहा वेळा, आठ वेळा म्हणतेस, ते मला इथून कसं दिसणार? वीस वर्षं अव्वा तुझ्या कामाला नावं ठेवत आली म्हणून आता तिचे हाल करू नकोस. माणूस अंथरुणाला खिळलं की त्याच्यावर उट्टं काढणं सोपं असतं.

रागावून लिहिते आहे हे मला कळतं. पण माझी आई आहे ती. आजपासून दर दोन तासांनी धुवायचं, झालं असो वा नसो. साबण कमी पडत असेल तर सोमेशला सांग.

दानेश्वरी

राजारामपुरी
१७ सप्टेंबर १९९६

ती. आक्कांना नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा अव्वा जाग्या होत्या. "दानूचं पत्र? वाच." त्यांना मराठी वाचता येत नाही हे माझं नशीब. पहिल्या ओळीपासून मी मनानं रचून वाचलं. आक्कांना तुमची आठवण येते, पवित्रा सांभाळते म्हणून बिनघोर आहे, तेजस्वी बरी आहे. अव्वा म्हणाल्या, "माझी दानू कधी एवढं ग्वाड बोलली न्हाई." मी पत्र घडी करून पोलक्यात ठेवलं.

मामा आले तेव्हा मी खाली होते, खरं आहे. नळाला पाणी नव्हतं, समोरच्या दुकानातून बादली भरून आणत होते. असो. भांडायला हे पत्र लिहीत नाही. आता काही लपवणार नाही, नीट वाचा.

अव्वांची कातडी गेली आहे. लाल होतं तिथे आधी ओलसर झालं, मग सोललं. दोन्ही मांड्यांच्या खाचेत आणि पाठीखाली तळहाताएवढ्या जागा उघड्या पडल्यात. परवा थोरात सिस्टरांनी पडदा बाजूला केला, तेव्हा माझ्या हातात जाळी होती. त्यांनी ती हिसकावून घेतली आणि विचारलं, "हे किती दिवस चाललंय?" मी सांगितलं. त्या खाटेच्या कडेला बसल्याच. म्हणाल्या, "बाई, म्हातारीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. लघवी-संडासाने ती आधीच भिजून हुळहुळी झालेली. वर तुम्ही साबण, कढत पाणी आणि घासणं. आणि खाली प्लास्टिक, म्हणजे ओल तिथेच. तुम्ही स्वच्छ केलं नाही, सोललंत." इतके दिवस आमचं लक्ष गेलं नाही ही चूक आमचीही, असंही म्हणाल्या. मी खाली मान घालून ऐकलं. आक्का, रोज आठ वेळा मी माझ्या हातांनी हे केलं. जेवताना हाताकडे बघवत नाही.

त्यांनी करायचं कसं ते दाखवलंय. झालं की लगेच नुसतं कोमट पाणी, मऊ सुती फडकं, घासायचं नाही, टिपायचं. कोरडं झालं की पांढरं मलम जाडसर लावायचं. खाली प्लास्टिक अंगाला लागू द्यायचं नाही, जुन्या लुगड्याच्या घड्या. पाणी भरपूर पाजायचं.

पण अव्वा ऐकत नाहीत. टिपलं की ओरडतात, "पुसलंस न्हवं का नुस्तं! घास!" मी ऐकलं नाही तर लिंगपूजा करत नाहीत. पूजा नाही तर अन्न नाही, पाणी नाही. काल दिवसभर उपाशी होत्या. संध्याकाळी मी हरले आणि घासलं. रक्त आलं. त्या विभूती लावून लिंगाकडे बघत बसल्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पूजा पुरी केली.

त्या जगात एकाच माणसाचं ऐकतात. तुमचं. म्हणून पाया पडून मागते, मला चार ओळी पाठवा. कानडीत, म्हणजे त्यांना स्वतःला वाचता येतील आणि मी बनवून सांगते असं वाटणार नाही. "अव्वा, घासू नको, पवित्रा करते तसं करू दे," एवढंच. उद्या टपालात टाकलंत तर पुढच्या आठवड्यात मिळेल. सिस्टर म्हणतात अजून जखमा वरवर आहेत, घासणं थांबलं तर भरून येतील.

मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी चार ओळी पाठवा.

पवित्रा

भिलाई
२५ सप्टेंबर १९९६

चि. पवित्रास,

तेजस्वीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. सोमेशला आणि अव्वाला सांग.

तुझं पत्र दोनदा वाचलं. साबणानं घासून कुणाची कातडी गेल्याचं मी जन्मात ऐकलेलं नाही. सगळा गाव घासून अंघोळ करतो. तुझं लक्ष नव्हतं, जखमा झाल्या, आता सिस्टरचं नाव पुढे करून तू मोकळी होतेस. आणि वर माझ्याच हातून आईला लिहून हवंय, की स्वच्छ राहू नको. ते मी लिहिणार नाही. माझ्या आईला मी असली अक्षरं वाचायला लावणार नाही. बारशानंतर मी स्वतः येते, मग बघू.

दानेश्वरी

राजारामपुरी
४ ऑक्टोबर १९९६

आक्का,

घासणं थांबलं. तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी एस.टी. धरून कुरुंदवाडला मठात अय्यांकडे गेले. हे मला दोन आठवडे आधी सुचलं होतं. पण गुरूसमोर उभं राहून, पुरुषमाणसाला, सासूला कपड्यात होतं हे कसं सांगायचं, म्हणून गेले नाही. तुमच्यावर टाकून मोकळी झाले होते. ती माझी चूक, ती तुमच्या नावावर घालत नाही.

पदर घेऊन जमिनीकडे बघत सांगितलं एकदाचं. अय्या सत्तरीचे आहेत. म्हणाले, "एवढंच न्हवं? माझ्या आईचं दोन वर्सं मीच काढलो." आणि पायांत चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

अव्वांनी उठायचा प्रयत्न केला. अय्यांनी हातानं थांबवलं आणि खाटेजवळ स्टुलावर बसले. म्हणाले, "मल्लव्वा, लिंग अंगावर हाय तवर इटाळ कुठला गं? सुतक न्हाई, इटाळ न्हाई. ह्ये ल्हानपनी शिकीवलं न्हवतं व्हय तुला? आनि लिंग ऱ्हातंय त्ये आंग सोलून काढत्यात व्हय? ही पोरगी करतीया तसं करू दे." अव्वांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. मग म्हणाल्या, "मला कुनी सांगिटलंच न्हाई की, अय्या." आणि रडल्या. वीस वर्षांत मी त्यांना असं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर चार दिवस मी हलक्या हातानं करते आहे. त्या डोळे मिटून पडून राहतात. काल मलम लावताना म्हणाल्या, "गार वाटतंय गं." माझ्या कामाला त्यांनी नाव ठेवलं नाही असा तो पहिला दिवस.

पण उशीर झालाय, आक्का. परवापासून ताप उतरत नाही. जखमांतून विष रक्तात गेलं असं डॉक्टर म्हणतात. अव्वांना घरी जायचंय, आम्ही उद्या नेतोय. बारसं राहू दे. या.

पवित्रा

भिलाई
६ नोव्हेंबर १९९६

सौ. पवित्रा,

हे शेवटचं पत्र समज.

मी पोचले तेव्हा अव्वा गेली होती, आपल्या रीतीप्रमाणे तिला भिंतीशी टेकवून बसवलेलं होतं. बोलणं झालं नाही. ते माझं नशीब. पण शेवटच्या अंघोळीला आम्ही बायकांनी लुगडं सोडलं तेव्हा जे दिसलं ते मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. तिनं आयुष्यभर एक डाग अंगावर ठेवला नाही, आणि तू तिला त्या अवस्थेत मातीला पाठवलीस.

मी न्हाणीच्या खुंटीवरची जाळी घेतली. मला वाटलं, तिनं आम्हाला घासलं तशी एकदा, शेवटची, मी तिला न्हाऊ घालते. तू सगळ्या भावकीसमोर माझ्या हातातून ती ओढून घेतलीस. मी तुला "खुनी" म्हणाले असं लोक सांगतात. म्हणाले असेन. परत घेत नाही.

सोमेशशी माझं नातं आहे ते राहील. तुझ्याशी नाही.

दानेश्वरी

कुरुंदवाड
१७ नोव्हेंबर १९९६

ती. आक्कांना,

जाळी ओढून घेतली कारण त्यांना दुखेल असं वाटलं. त्या गेल्या होत्या हे मला माहीत होतं. तरी वाटलं.

अव्वांच्या विभूतीचं डबडं वेगळ्या टपालाने पाठवलंय. पोचल्याचं ह्यांना कळवा.

पवित्रा

भिलाई
१२ सप्टेंबर २००५

चि. सौ. पवित्रा, आशीर्वाद.

माझं अक्षर ओळखलंस का? थरथरतं आहे. महिन्यापूर्वी मला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, उजवा हात शाबूत आहे, म्हणून हे पत्र. सोमेशनं फोनवर सांगितलं, यंदाच्या पुरात आपल्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तू बरी आहेस ना, एवढंसुद्धा मी त्याला विचारलं नाही. नऊ वर्षांची सवय.

मी हॉस्पिटलात आहे. फोन मिळतो, पण हे फोनवर बोलता येत नाही, खोलीत सगळे असतात. सरळच लिहिते. मला कळायच्या आत अंथरूण ओलं होतं. कधी तेही होतं. मुलगा मल्लेश आत आला की मी भिंतीकडे तोंड करते.

माझी सून रायपूरची आहे, हिंदीच बोलते, पोरगी गुणाची. मीच तिला घराच्या रीती शिकवल्या. मागच्या दारची घोसाळी आता तीच वाळवते. झटक्यानंतर पहिल्यांदा तिनं मला साफ केलं तेव्हा ओल्या फडक्यानं नुसतं टिपत होती. मी ओरडले तिच्यावर. दुसऱ्या दिवशी तिनं घरून जाळी आणली. गेले तीन आठवडे ती मला रोज घासते आहे, पवित्रा. आग आग होते. जीव जातो. मी दात आवळते आणि तिला म्हणते, और घिसो.

मंगळवारी असंच म्हणाले आणि माझं मलाच ऐकू आलं. तो माझा आवाज नव्हता, अव्वाचा होता. तुझ्या पत्रातला. तू लिहिलं होतंस ना, हातात जोर न्हाय व्हय तुझ्या? तेच मी हिंदीत म्हणत होते.

तुझी पत्रं मी फाडली नव्हती. मल्लेशला कपाटातून आणायला लावली. तू सगळं लिहिलं होतंस. कोमट पाणी, मऊ फडकं, पांढरं मलम. जखमा वरवर आहेत, भरून येतील, असंही लिहिलं होतंस. आणि चार ओळी मागितल्या होत्यास. मी तेव्हा फक्त एवढंच वाचलं की तुला घासायला मीच सांगितलं होतं. ते मला सोसलं नाही, म्हणून तुला खुनी म्हणाले. नऊ वर्षं लागली हे लिहायला. तेही स्वतःची कातडी गेल्यावर.

आता सून माझं ऐकत नाही. मी थांब म्हणते तर तिला वाटतं सासू संकोचते आहे. आणि खरं सांगू, थांब म्हणून झालं की तासाभरानं मीच पुन्हा घास म्हणते. मला घाण सहन होत नाही. काय करू ते मला कळत नाही.

तू तिला चार ओळी लिही. हिंदीत. तुझ्याकडून काही मागायच्या लायकीची मी नाही, हे जाणते. तरी मागते.

दानेश्वरी

कुरुंदवाड
१९ सप्टेंबर २००५

ती. सौ. आक्कांना पवित्राचा नमस्कार.

पत्र आज दुपारी पोचलं. मी बरी आहे. पुरात तुमची सगळी पत्रं भिजली. एकेक कागद सोडवून फडक्यावर टिपला आणि माळ्यावर वाळत घातला. शाई पसरली आहे, पण वाचता येतात. रागावलेलीसुद्धा.

सुनेला चार ओळी लिहायला बसले. माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे. दोन कागद फाडले. मग वाटलं, त्या वेळी चार ओळींची वाट बघत मी पंधरा दिवस घालवले होते. अव्वांना तेवढेच दिवस होते. या वेळी ओळी नकोत.

ह्यांनी मिरजेहून उद्याचं आरक्षण केलंय. हे पत्र मी गाडीत बसायच्या आधी टपालात टाकते, कदाचित मी आधी पोचेन, पत्र मागून येईल. म्हणून ह्यांनी मल्लेशला फोनही केलाय. सुनेला काही बोलू नका, तिची चूक नाही. तिला मी शेजारी उभं करून दाखवीन. अव्वांची दोन जुनी सुती लुगडी वरच्या फळीवरच्या ट्रंकेत होती, पुरातून वाचली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालीत. त्यांच्या घड्या घेऊन येते. पाणी पीत राहा, कमी करू नका.

तुम्ही म्हणालात त्या शब्दाचं मी काही लिहीत नाही. तो मला अजून आठवतो, आणि तरी मी येते आहे. दोन्ही खरं आहे.

एक मात्र ऐका. मी पोचेपर्यंत कुणालाही घासू देऊ नका. तुम्ही स्वतः म्हणालात तरी.

पवित्रा